रेस्क्यू केलेलं कुत्रं जेवत नाहीये: काय बघायचं, कुठल्या क्रमाने, आणि कधी सरळ डॉक्टरकडे जायचं

गेल्या नऊ वर्षांत आमच्या घरी रस्त्यावरची सात कुत्री राहून गेली, काही दोन महिने, दोघं कायमची, आणि त्यातल्या पाच जणांनी कधी ना कधी जेवण सोडलं. दर वेळी मी पहिले दोन-तीन दिवस एकच मूर्खपणा केला, तो म्हणजे जेवण बदलत बसले. भात नको तर पोळी, पोळी नको तर अंडं, अंडं नको तर दुकानातलं महागडं पाकीट, आणि चौथ्या दिवशी कळायचं की भानगड जेवणात नव्हतीच. आता माझा क्रम ठरलाय, फुकटातल्या गोष्टी आधी आणि खर्चाच्या शेवटी, तोच इथे लिहून ठेवते.

आधी नीट बघा, नक्की काय होतंय

"जेवत नाही" म्हणजे काहीच सांगितलं नाही. एक दिवस शांत बसून बघा, यातलं काय आहे ते:

- वाटीजवळ येतं, वास घेतं, ओठ चाटतं आणि तोंड फिरवतं. लाळ गळते, बाहेर नेलं की गवत खायला धावतं. ही मळमळ आहे, नखरे नाहीत.
- लांबून बघत राहतं, भूक डोळ्यांत दिसते पण पुढे येत नाही. तुम्ही झोपलात की सकाळी वाटी रिकामी. ही भीती.
- तोंडात घेतं आणि खाली टाकतं, मान वाकडी करून एकाच बाजूने चावतं, मऊ भात चालतो पण कडक काही नको. हे दात किंवा तोंड.
- बिस्किटाचा पुडा वाजला की हजर, भाताला मात्र ढुंकून बघत नाही. याचं पोट तरी भरलेलं असतं नाहीतर ते तुम्हाला ओळखून असतं.
- जागेवरून उठतच नाही, हाक मारली तर फक्त डोळे फिरवतं. हे आजारी आहे, मधलं सगळं सोडा आणि दवाखान्यात जा.

इथेच थांबा, पुढचं नंतर वाचा

खालचं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, आत्ता गाडी काढा: सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू जेवत नाही आणि सोबत उलट्या किंवा जुलाब आहेत, रक्त असेल तर विचारायलाच नको (पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा आतड्याचा विषाणूजन्य आजार असू शकतो, त्यात पिल्लू एका रात्रीत जातं). पोट ढोलासारखं फुगलंय आणि उलटीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही. हिरड्या पांढऱ्याफटक किंवा पिवळ्या. शू कॉफीच्या रंगाची. नाकातून रक्त. नसबंदी न झालेली मादी, महिना-दोन महिन्यांपूर्वी माजावर येऊन गेलेली, आता खूप पाणी पिते आणि जेवत नाही, मागून घाण येते किंवा येतही नाही, तिच्या गर्भाशयात पू झालेला असू शकतो आणि ते ऑपरेशन थांबवून चालत नाही. पाणीसुद्धा पीत नसेल तर तेही याच यादीत.

यातलं काही नाही ना? मग पुढे.

दोन मिनिटांची तपासणी, पैसे शून्य

वरचा ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडा, पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. (काळ्या हिरड्यांची कुत्री असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.) मग मानेमागची कातडी चिमटीत धरून वर उचला आणि सोडा, पटकन जागेवर बसली पाहिजे. तंबूसारखी उभी राहिली तर अंगात पाणी कमी आहे. हाडकुळ्या कुत्र्याची कातडी तशीही हळू बसते, म्हणून हिरडी कोरडी-चिकट लागतेय का तेही बघा.

नंतर थर्मामीटर. हो, मागूनच घालायचा, टोकाला खोबरेल तेल लावून इंचभर आत, एकाने डोकं धरायचं आणि गोड बोलत राहायचं. साधा डिजिटल थर्मामीटर दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो, त्यावर मार्करने "कुत्रा" असं मोठं लिहून ठेवा, आमच्याकडे हे न लिहिल्याने काय झालं ते नवऱ्याने सांगायला मनाई केलीय. कुत्र्याचं नॉर्मल तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०३ च्या वर गेलं की आजच डॉक्टर. १०४ म्हणजे लगेच. आणि ९९ च्या खाली गेलं तर तेही तितकंच वाईट. नाक गरम-गार बघून काही कळत नाही, मी पण आधी तेच करायचे.

ही तपासणी मी पहिल्या नंबरवर का ठेवलीय ते सांगते. गुंड्या आमच्याकडे आला तेव्हा पहिले पंधरा दिवस छान जेवला आणि मग एकदम बंद. मी म्हटलं, नवीन घर, घाबरलाय, वेळ देऊ. भीतीचे सगळे उपाय केले, वाटी कोपऱ्यात, दिवा मंद, आवाज बंद. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने जांभई दिली तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. गोचीड ताप होता. गोचीड चावल्यापासून ताप यायला एक ते तीन आठवडे जातात, म्हणजे कुत्रं रस्त्यावरून उचललं, आंघोळ घातली, गोचीड काढले, सगळे खूश, आणि आजार आतमध्ये आपल्या वेळेने येतोच आहे. ते दोन दिवस मी त्याला समजून घेण्यात घालवले. तेव्हापासून आधी हिरडी, मग मानसशास्त्र.

घरातल्या माणसांची चौकशी

ताप नाही, हिरड्या गुलाबी, शेपूट हलतेय, मग पुढची पायरी म्हणजे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारायचं की आज त्याला काय काय दिलं. एकत्र विचारू नका, कोणी कबूल होत नाही.

वाघ्याच्या वेळी मी तीन आठवडे डोकं धरून बसले होते. वजन कमी होत नव्हतं, शी व्यवस्थित, पण जेवायला बसला की दोन घास आणि उठला. शेवटी कळलं की सकाळी सासूबाई पूजा झाल्यावर तूप लावलेल्या दोन पोळ्या त्याला घालत होत्या ("मुकं जनावर आहे, दारात येऊन बसतं गं"), दुपारी शेजारचा शाळकरी पोरगा बिस्किटं, आणि संध्याकाळच्या फेरीत कोपऱ्यावरचे चहावाले काका पावाची कड. हिशोब करून बघा. १५ किलोच्या, नसबंदी झालेल्या देशी कुत्र्याला दिवसाला साधारण ७५० ते ८५० कॅलरी लागतात. एक ग्लुकोजचं बिस्किट वीस-पंचवीस कॅलरीचं, म्हणजे दहा बिस्किटांत दिवसाचा पाव हिस्सा तिथेच उडाला, आणि तुपाच्या दोन पोळ्यांत आणखी तेवढाच. मग तो भात का खाईल? मी पण नसता खाल्ला.

उपाय सोपा नाही कारण माणसं बदलायची आहेत. मी काय केलं, एका डब्यात त्याच्या रोजच्या जेवणातलंच थोडं उकडलेलं चिकन काढून ठेवलं आणि सासूबाईंना सांगितलं, आई तुम्हाला द्यावंसं वाटलं की यातलं द्या. (त्या चिकनला हात लावत नाहीत, म्हणून मग उकडलेल्या लाल भोपळ्याच्या फोडी. चालल्या.) चहावाल्या काकांना मात्र "त्याला डॉक्टरांनी बंद केलंय" असं खोटं सांगावं लागलं.

वाटी आणि वाटीभोवतीची जागा

आता भीतीवाली मंडळी. इथे अजून खर्च शून्य आहे आणि माझ्या मते निम्म्या केसेस इथेच सुटतात, म्हणून जरा सविस्तर.

रस्त्यावरचं कुत्रं जेवताना पाठ मोकळी ठेवत नाही. त्याने आयुष्यभर खाताना दगड खाल्लेत, दुसऱ्या कुत्र्यांनी हिसकावलंय, कोणीतरी पाणी फेकलंय. आपण काय करतो, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वाटी ठेवतो, म्हणजे त्याचं तोंड भिंतीकडे आणि पाठ सगळ्या घराकडे, वरून आपण कमरेवर हात ठेवून उभे, "खा ना राजा, खा ना". त्याच्या बाजूने बघितलं तर हा सापळाच.

वाटी अशी ठेवा की खाताना त्याला दार आणि माणसं दोन्ही दिसतील आणि मागे भिंत असेल. ठेवलीत की निघून जा. बसूनही बघू नका, मोबाइलवर चोरून व्हिडिओ पण नको, त्यांना कळतं. जाण्यायेण्याच्या वाटेत नको, मिक्सर-वॉशिंग मशीनशेजारी नको. घरात दुसरं कुत्रं असेल तर वेगळ्या खोलीत, दार लावून. दोघं भांडत नाहीत म्हणून चालतं असं नसतं, नुसतं दुसऱ्याने टक लावून बघणं पुरतं.

फरशी बघा. गुळगुळीत टाइल्सवर रस्त्यावरच्या कुत्र्याचे पाय सरकतात, मान खाली घातली की पुढचे पाय पसरतात आणि ते घाबरून मागे होतं. खाली जुनं गोणपाट किंवा पायपुसणं टाका.

स्टीलची वाटी. हे मला माझ्या तिसऱ्या कुत्रीवरून कळलं. ती यायची, तोंड घालायची आणि दचकून मागे. मी खाली बसून नीट बघितलं तेव्हा दिसलं, गळ्यातल्या पट्ट्याचा नाव-नंबरवाला बिल्ला वाटीच्या काठावर टण्ण करून वाजत होता, आणि वाटी रिकामी होत आली की फरशीवर सरकून अजून आवाज. बिल्ल्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि जेवण पसरट मातीच्या ताटलीत दिलं, त्याच संध्याकाळी साफ. एखाद्याला वाटीच नको असते, मग केळीचं पान, वर्तमानपत्र, काहीही. पहिले आठ दिवस गोणपाटावर जेवलं तर जेवू दे.

अगदी नवीन कुत्रं असेल, घरी येऊन तीन-चार दिवसच झालेत, पाणी पितंय आणि बाकी सगळं ठीक आहे, तर थोडं कमी खाणं चालतं. पण "थोडं कमी" आणि "काहीच नाही" यात फरक करा. मोठ्या कुत्र्याने २४ तास काहीच खाल्लं नाही की मी डॉक्टरांना फोन करते, ४८ तास वाट बघत नाही. पिल्लासाठी अर्धा दिवस पुरे.

औषध जेवणात लपवताय का?

हा मुद्दा वेगळा काढलाय कारण यात आपण स्वतःच रोग तयार करतो. चिंगीला गोचीड तापाचा कोर्स चालू होता, तो तीन-चार आठवडे चालतो. मी हुशारी करून गोळी चिकन-भातात कुस्करून द्यायचे. पाच दिवस गेलं. सहाव्या दिवशी तिने भाताचा वास घेतला, माझ्याकडे असं बघितलं की मला लाज वाटली, आणि गेली. मग गोळी नसलेला भात पण बंद. कोर्स संपला तरी बंद. तिच्या हिशोबाने त्या वाटीत विष होतं, आणि खरं सांगायचं तर त्या गोळ्या कडू असतातच, वर त्याने मळमळ पण होते.

गोळी वाटीत कधीच घालू नका. जेवण झाल्यावर, दुसऱ्या खोलीत, हाताने. उकडलेल्या बटाट्याच्या किंवा कलेजीच्या तीन छोट्या गोळ्या करा: पहिली साधी, दुसरीत औषध, आणि दुसरी तोंडात असतानाच तिसरी नाकासमोर धरा म्हणजे चावत न बसता गिळून टाकते. दही-पनीरमध्ये द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा, काही अँटिबायोटिक दुधाच्या पदार्थांसोबत नीट लागू होत नाहीत. चिंगीचं भांडं, जागा आणि वेळ तिन्ही बदलावी लागली, मग दहा दिवसांनी विश्वास बसला.

आता कुठे जेवणाकडे वळा

भात थंड फ्रीजमधला देताय का? कुत्रं नाकाने जेवतं, थंड जेवणाला वास नसतो. कोमट करा, बोट घालून बघा, आपल्या अंगाएवढं गरम. त्यावर चिकन उकडलेलं पाणी दोन चमचे, पण त्यात कांदा-लसूण-मीठ काही नको. आपल्या रश्श्याचं तर नावच काढू नका, कांदा-लसूण त्यांच्या रक्ताला बाधतो. मनुके, द्राक्षं, चॉकलेट, शुगरफ्री गोष्टी पण नाहीत, आणि शिजवलेली हाडं नाहीत.

दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. वाटी ठेवा, वीस मिनिटांनी उचला, खाल्लं असो वा नसो, चेहऱ्यावर काही दाखवू नका. मधे काही नाही. हे फक्त धडधाकट, वजन बरं असलेल्या मोठ्या कुत्र्यासाठी आहे. हाडांचा सापळा झालेलं कुत्रं उचलून आणलं असेल तर हा नियम बिलकुल नाही. त्याला उलट दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, आणि पहिल्याच दिवशी भाताचा डोंगर तर मुळीच नाही. फार दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम पिष्टमय जेवण गेलं की रक्तातले क्षार झपकन खाली येतात आणि त्यात जीव जाऊ शकतो. अशा कुत्र्याचं जेवण पहिल्या दिवसापासून डॉक्टरांना विचारून.

काही कारणं कॅलेंडरमध्ये असतात. एप्रिल-मेमध्ये दुपारी कोणी जेवत नाही, पहाटे आणि रात्री द्या. दिवाळीत फटाक्यांनी दोन-तीन दिवस जातात. आणि नसबंदी न झालेला नर भाद्रपदात जेवण सोडून गेटपाशी उभा राहतो, त्यावर उपाय वाटीत नाही, नसबंदी करून घ्या.

तोंडात बघणं, पण आधी हे वाचा

लसीकरणाचा पत्ता नसलेलं रस्त्यावरचं कुत्रं, गिळता येत नाहीये, जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, वागणं विचित्र झालंय, "घशात हाड अडकलंय वाटतं" असं वाटतं, तर तोंडात हात घालायचा नाही. अजिबात नाही. रेबीज असाच दिसतो आणि लोक हाड शोधायला हात घालतात. कुत्र्याला एका खोलीत बंद करा आणि डॉक्टरांना फोनवर हेच वर्णन सांगा. लाळ जखमेला, डोळ्याला, तोंडाला लागली असेल किंवा चावलं-ओरखडलं असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा (डोळे-तोंड नुसत्या पाण्याने) आणि त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जाऊन लस सुरू करा. कुत्र्याचं काय होतंय त्याची वाट बघायची नाही.

लस झालेलं, ओळखीचं, शांत कुत्रं असेल तर ओठ उचलून दोन्ही बाजूच्या दाढा बघा. तुटलेली दाढ (दगड चावायची सवय असते), लाल सुजलेली हिरडी, सडका वास, जिभेवर फोड. पुढच्या पंजाने सारखं तोंड खाजवत असेल तर वरच्या टाळूला आडवा अडकलेला हाडाचा तुकडा मी दोनदा बघितलाय. सहज निघत नसेल तर ओढू नका. जोर लावायची वेळ आली की काम डॉक्टरांचं.

खर्चाचा भाग

इथपर्यंत सगळं करून फरक नाही, किंवा वजन उतरतंय, तर पुढे घरी करण्यासारखं काही नाही. वजन घरीच बघता येतं, कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजा करायचं, दर रविवारी. १५ किलोचं कुत्रं साडेतेरावर आलं म्हणजे दहा टक्के गेले, ते फार आहे.

डॉक्टर साधारण शी तपासतील (जंत), रक्त तपासतील, प्लेटलेट कमी असतील तर गोचीड तापाचा संशय, पावसाळ्यात कावीळ दिसली तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरतो तो), मग यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, शेवटी एक्स-रे किंवा सोनोग्राफी, कारण रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या पोटात प्लॅस्टिकच्या पिशव्या निघतात. रक्ताची काचपट्टी (थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती तपासणी) निगेटिव्ह आली म्हणून गोचीड ताप नाहीच असं धरू नका, गुंड्याची पहिली निगेटिव्ह होती. खाजगी जमत नसेल तर जिल्ह्याचं सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय बघा, आणि परळ, नागपूर, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत पण उपचार होतात, रांग लावायची तयारी ठेवा.

दोन गोष्टी स्वतःहून करू नका. माणसांची तापाची-दुखण्याची गोळी, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, अर्धी पण नाही, पाव पण नाही. आणि सिरिंजने जबरदस्ती तोंडात पेज सोडणं, मळमळणाऱ्या कुत्र्याला ते फुफ्फुसात जाऊ शकतं, आणि वाचलं तरी जेवणाची कायमची भीती बसते.

जाताना सोबत न्या: शेवटचं नीट कधी जेवलं, शेवटचं पाणी, तापमान किती वाजता किती, शी-उलटीचा फोटो (लाजू नका, त्यांना तेच हवं असतं), आधीच्या औषधांची पाकिटं. आणि रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला ते आज दिवसाढवळ्या शोधून नंबर फ्रीजवर लावून ठेवा. माझ्या फ्रीजवर दोन आहेत, कारण पहिला एकदा रात्री साडेअकराला बंद निघाला होता.